वलांडीवर वाळलेला पलंग

परवा तुमच्या आईनं व्हिडिओ कॉलवर तुमचे नवे पलंग दाखवले. गादी उचलून खालच्या वाकवलेल्या लाकडी पट्ट्यासुद्धा दाखवल्या आणि म्हणाली, "बघ आई, जिथं वजन पडतं तिथली पट्टी दबते, उठलं की परत वर येते. काय डोकं चालतं ना इथल्या लोकांचं!" फोनवर वाद घालायचा नाही असा माझा नियम आहे. पण या पट्ट्यांना आपल्याकडे रिपा म्हणतात आणि तुम्ही दोघं रांगत होतात तेव्हा त्या पालघरला, आपल्याच घराच्या तळमजल्यावर तयार होत होत्या. त्या करणाऱ्या गृहस्थांबद्दल तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. ते काम माझ्यावरच आलं आहे.

मी त्यांना भाऊ म्हणत असे. ते मला बाई म्हणत, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि गावातली निम्मी माणसं मला बाईच म्हणतात. भाऊ बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात मेंटेनन्सला तीस वर्षं होते. निवृत्त झाल्यावर आपल्याकडे भाडेकरू म्हणून आले. येताना त्यांनी एक टेबल, दोन खुर्च्या, एक वजनकाटा आणि सुतारकामाचं सामान आणलं. पलंग आणला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाजारात झोपण्यालायक पलंग मिळत नाही. मी करणार आहे. तोवर जमिनीवर."

त्यांच्या पत्नी वर्षातले आठ महिने नाशिकला लेकीकडे असत. पहिल्याच वर्षी त्या आपली कापसाची गादी गुंडाळून घेऊन गेल्या. रिक्षात बसताना मला म्हणाल्या, "मी यांची बायको आहे हो, सँपल नाही. रोज रात्री उठवतात आणि विचारतात, आता कसं वाटतंय?"

वहिनी गेल्यावर सँपलची अडचण झाली. मग जो येईल त्याला भाऊ एकच प्रश्न विचारू लागले, "कुशीवर झोपता की पाठीवर?" पोस्टमनला विचारलं. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या जोडप्याला विचारलं. गॅसवाला सिलिंडर ठेवून सही मागत होता, त्याला म्हणाले, "सही करतो. दोन मिनिटं आडवे व्हा." तो आडवा झाला आणि झोपला. आळीतल्या सात घरांचे सिलिंडर त्या दिवशी दुपारी चारनंतर पोचले. तुमचे आजोबा एकदा करवतीच्या आवाजाची तक्रार करायला तावातावानं खाली गेले, ते दोन तासांनी वर आले. गालावर उशीची शिवण उमटली होती. मी विचारलं, "बोललात का?" म्हणाले, "बोलणार होतो."

भाऊंचं तत्त्वज्ञान थोडक्यात असं होतं. माणूस आयुष्याचा तिसरा हिस्सा आडवा असतो आणि त्या हिश्श्याकडे कोणी लक्ष देत नाही. प्लायवुडवर झोपणं म्हणजे परातीत झोपणं. गादी ही साडी आहे, रिपा म्हणजे हाडं; हाडं मोडकी असली तर पैठणी नेसून काय उपयोग? खांदा थोडा आत जायला हवा, कंबर वर राहायला हवी, म्हणून खांद्याखालच्या रिपा पातळ आणि कंबरेखालच्या जाड. हे सगळं ते कोणालाही, कुठेही, स्वतः कमरेत वाकून दाखवत. बँकेच्या रांगेतसुद्धा.

एकदा मी कपाट बघायला हायवेवरच्या मोठ्या फर्निचरच्या दुकानात निघाले होते, तर भाऊ बरोबर आले. कपाटाकडे त्यांनी पाहिलं नाही. कोपऱ्यात एक परदेशी पलंग होता. त्यांनी त्याची गादी उचलून भिंतीला लावली, रिपा मोजल्या, बोटांनी दाबल्या, चपला काढून आडवे झाले आणि विक्रेत्या तरुणाला म्हणाले, "या, शेजारी झोपा."

"काय?"

"वजन पाहिजे हो! दोन माणसांचा पलंग ना? तुम्ही किती, सत्तर किलो?"

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी एका दिव्याची शेड फार बारकाईनं न्याहाळत होते. शेवटी तो खरंच झोपला. दोघं छताकडे बघत पडले होते आणि भाऊ त्याला विचारत होते, "कंबर कुठं आली तुमची? चौथ्या रिपेवर की पाचव्या?" किंमत ऐकल्यावर मात्र भाऊ उठून बसले. "ही किंमत ऐकून चांगली पाठसुद्धा दुखायला लागेल. आपल्याकडे बांबू संपला का?"

त्या दिवसापासून बांबू सुरू झाला.

बांबूमुळे लाडकी आली. ती मासवणच्या बाजूच्या पाड्यावरची. नवरा-बायको सुपं आणि टोपल्या विणत आणि ती पालघरच्या बाजारात आणून विकत असे. दिवाळीनंतर मात्र सगळं घर वीटभट्टीवर जायचं, ते पावसाच्या तोंडावर परत यायचं. भाऊ तिच्यासमोर बसले आणि टोपल्यांच्या कडा एकेक करून दाबायला लागले. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "काका, टोपली घ्यायची हाय का नुसती दाबायचीच हाय?"

भाऊंनी टोपली घेतली नाही, लाडकीलाच कामाला लावलं. ती कोयत्यानं बांबू फोडून पातळ कांबी काढायची. भाऊ त्यांना रंधा मारायचे, तीन-चार कांबी डिंक लावून एकावर एक चिकटवायचे आणि कमानीसारख्या लाकडी साच्यावर आवळून ठेवायचे. सुकल्यावर रीप तयार. टोकांना जुन्या टायरच्या रबराची टोपणं. भाऊ प्रत्येक कांब मोजायचे, तर लाडकी हसायची. नुसत्या अंगठ्यानं तिला जाडी कळत असे. एकदा दोघांचं पटेना. भाऊ म्हणाले ही जाड आहे, ती म्हणाली नाय. तासाभरानं भाऊ वर आले आणि मला म्हणाले, "बाई, तुमच्याकडे फुटपट्टी आहे का? माझी पट्टी चुकीचं माप दाखवतेय."

आता माझा भाग येतो. तो वगळला असता तर मला बरं वाटलं असतं, पण मग तुम्हाला पुढचं कळणार नाही.

चिकटवलेल्या रिपा उन्हावाऱ्यात आठवडाभर वाळवाव्या लागत. लाडकी दिवाळीआधी कांबी काढून देऊन भट्टीवर गेली होती; भाऊंनी त्या चिकटवल्या आणि मार्चमध्ये माझ्याकडे गच्ची मागितली. मार्चमध्ये माझ्या गच्चीवर पापड असतात, त्यांच्यापलीकडे कुरडया आणि कठड्याजवळ मिरच्या. ओळी मी खडूनं आखते. मी नाही म्हटलं. भाऊंना राग येत नसे. ते दातिवऱ्याला गेले आणि तिथल्या मासळी सुकवणाऱ्या यमुनाबाईंच्या वलांडीवर रिपा बांधून आले. वलांडी म्हणजे बांबूचे उंच खांब आणि त्यांना आडव्या बांधलेल्या दोऱ्या. त्यांवर बोंबील वाळत घालतात. समोर समुद्र, ऊन भरपूर, वारा तर थांबतच नाही. भाऊ म्हणाले, अशी भट्टी आमच्या कारखान्यातसुद्धा नव्हती.

यमुनाबाई म्हणाल्या होत्या, "अर्धी वलांडी माजी, अर्धी तुमची. पन मांजरा तुमी हाकलायची. आमी नाय."

रिपा छान वाळल्या. एकही उकलली नाही. आणि प्रत्येकीत सुक्या बोंबलाचा असा वास मुरला की काय सांगू.

भाऊंना तो कळला नाही, कारण कारखान्यातल्या तीस वर्षांत त्यांचं नाक कामातून गेलं होतं. यमुनाबाईंना कळला नाही, कारण तो त्यांच्या घरचाच वास. लाडकीला वाटलं, काकांच्या डिंकालाच असा वास असतो. केळव्याच्या एका घरगुती रिसॉर्टनं दोन पलंग घेतले होते. तिथल्या मुंबईच्या पाहुण्यांना वाटलं, हाच समुद्राचा वास. मालकाची तक्रार वेगळीच होती. पाहुणे दहा वाजले तरी उठत नाहीत, नाश्ता गार होतो.

मला कळला होता. पहिल्या दिवशीच. आपण मासे खाणारी माणसं, मला त्याचं वावडं नाही. पण आमच्या शाळेतल्या नन्सनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती, की दुसऱ्याच्या घराच्या वासाबद्दल सभ्य बाई बोलत नाही. त्यामुळे मी आठ महिने सभ्य राहिले. तळमजल्याच्या पायरीवर आधी एक मांजर बसायचं. ऑक्टोबरपर्यंत सहा झाली.

तेवढ्यात मनोरच्या रस्त्यावरच्या मुलींच्या वसतिगृहाकडून विचारणा आली. नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी चाळीस खाटा हव्या होत्या. स्वस्त आणि पाठ न मोडणाऱ्या, कारण मुली दिवसभर वॉर्डात उभ्या असतात. भाऊंनी एक नमुन्याची खाट शनिवारी नेऊन दाखवायची आणि ट्रस्टी तिथल्या तिथे निर्णय देणार, असं ठरलं.

लाडकी सोमवारी कांबी द्यायला आली आणि दारातच उभी राहिली. "काका, काय ता रविवारच्या आत सांगा. रविवारी मुकादम टेम्पो घेऊन येल. मी त्याला हो बी नाय बोलली, नाय बी नाय बोलली. पोर दहावीला हाय माजी. भट्टीवर गेलो का तिची शाळा सुटली. पन काम नसल तर बसून काय खाऊ?"

"काम आहे," भाऊ म्हणाले. "एकदा झोपले की नाही म्हणणार नाहीत."

त्या दुपारी मी सहज विचारलं, ट्रस्टी कोण? भाऊ म्हणाले, मोठे सज्जन गृहस्थ आहेत, कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत.

मी वर गेले, चहा ठेवला, तो उतू गेला. मी पुन्हा खाली आले.

"भाऊ, तुमच्या पलंगाला बोंबलाचा वास येतो."

ते रंधा मारत होते. थांबले. "किती?"

"किती म्हणजे?"

"थोडा, मध्यम की फार?"

"भाऊ, मांजरं मोजा."

ते दारात गेले, मांजरं मोजली आणि पायरीवर त्यांच्यातच जागा करून बसले. "कधीपासून?"

"मार्चपासून."

"आणि बोलला नाहीत?"

"बरं दिसलं नसतं."

भाऊ मला लागेल असं कधी बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "बाई, पूल पडायला आला तर इंजिनिअरला सांगतात. त्याला बरं वाटेल का, असं बघत नाहीत."

आत कांबी लावत बसलेली लाडकी एवढी मवाळ नव्हती. तिनं एक रीप उचलून नाकाला लावली, मग माझ्याकडे पाहिलं. "बाय, तुमाला म्हायती होता? आन तुमी गप?" मी इतकी वर्षं वर्गात मुलांना हाच प्रश्न विचारत आले. उत्तर न येणाऱ्याची अवस्था मला त्या दिवशी कळली.

हातात चार दिवस होते. नव्या रिपा वाळायला आठवडा लागला असता, म्हणजे आहेत त्याच साफ करणं भाग होतं. बुधवारी भाऊ, लाडकी आणि मी दातिवऱ्याला गेलो. यमुनाबाईंना आधी पटेचना. "वास? कसला वास? चांगला तर येते." मग म्हणाल्या, हाताचा वास जातो तसाच जाईल, राखेनं घासा आणि चिंचेच्या पाण्यानं धुवा. आम्ही तिघं दुपारभर रिपा घासत बसलो. भाऊंनी एक माझ्या नाकापुढे धरली. "आता?"

मी आता खरं बोलायचं ठरवलं होतं. "आधी सुक्या बोंबलाचा येत होता. आता चिंच घातलेल्या कालवणाचा येतो."

"म्हणजे प्रगती आहे का?"

"शिजलेत एवढंच."

लाडकी म्हणाली, तुमची किनाऱ्याची अक्कल पुरे झाली, आता आमची बघा. तिच्या घरी बांबूला कीड लागू नये म्हणून तो चुलीच्या धुरावर ठेवतात. गुरुवारी रिपा मासवणला गेल्या आणि दिवसभर धुरात टांगल्या. संध्याकाळी त्या मधाच्या रंगाच्या होऊन आल्या. इतक्या देखण्या की मला वाटलं सुटलो. भाऊंनी रीप पुढे केली. मी वास घेतला.

"बोला, बाई."

"भाजलेले बोंबील."

लाडकीला आधी हसू आलं, मग डोळ्यात पाणी आलं, मग पुन्हा हसू आलं. भाऊ रिपा हातात घेऊन उभेच होते. मी वर गेले आणि गच्चीवरचं माझं सगळं गोळा केलं. त्या दिवशी तिथे डाळ वाळत होती. खडूच्या रेषांवर मी रिपा मांडल्या. शुक्रवारचा पूर्ण दिवस कडक ऊन होतं. दर तासाला मी त्या उलटत होते आणि मांजरं हाकलत होते. संध्याकाळी नाक अगदी टेकवलं तरच काहीतरी आहे असं वाटत होतं.

शनिवारी भाऊ, लाडकी आणि मी वसतिगृहात खाट जोडली. ट्रस्टी आले, धिप्पाड, पांढरा झब्बा, हातात काठी. म्हणाले, "बघितली. चांगली आहे. दाखवा कागद, सही करतो."

"झोपल्याशिवाय कागद नाही," भाऊ म्हणाले.

"अहो, इथे? एवढ्या बायकांसमोर?"

"आम्ही तिकडे बघतो," रेक्टरबाई म्हणाल्या. त्या साठीच्या आसपासच्या, किनाऱ्यावरच्या गावातल्याच आणि फार थोडं बोलणाऱ्या. आम्ही खरोखर खिडकीबाहेर बघत उभ्या राहिलो. मागे खाट किंचित कुरकुरली. मग काठी खाटेला टेकवल्याचा आवाज झाला.

"वा," ट्रस्टींचा आवाज आला. "आणि हा वास फार सुंदर आहे हो! रानातला. कसलं लाकूड म्हणायचं हे?"

त्यांनी जन्मात बोंबील हुंगला नव्हता! माझ्या जिवात जीव आला. लाडकीनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं, ती मूठ सैल झाली. फक्त "बांबू" एवढं म्हणायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. मी भाऊंकडे पाहिलं आणि मला कळलं की हे आता बोलणार. मी खोकले. पुन्हा खोकले.

"वास लाकडाचा नाही," भाऊ म्हणाले. "सुक्या बोंबलाचा आहे." आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. वलांडी, राख, चिंच, धूर, माझी गच्ची. काही वगळलं नाही. मांजरांचा आकडासुद्धा सांगितला.

ट्रस्टी ताडकन उठून उभे राहिले आणि झब्बा झटकायला लागले. लाडकीनं डोळे मिटून घेतले. मी भाऊंच्या कानाशी म्हटलं, "एवढं सांगायलाच हवं होतं का?"

"आठ महिने एकानं गप्प बसून पाहिलं ना," ते म्हणाले. कुजबुजायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

मग रेक्टरबाई बोलल्या. "साहेब, किनाऱ्यावरच्या मुली सुट्टीहून येताना पेटीत सुकट आणतात. पेटी खाटेखाली ठेवतात. त्यांना वाटतं, मला कळत नाही. कसलीही खाट घ्या, आठ दिवसांत तिला हाच वास येणार. तुम्ही पाठीचं काय ते सांगा."

"पाठीचं?" ट्रस्टींनी झब्बा झटकणं थांबवलं. जरा विचार केला. काठी खाटेला टेकवलेलीच होती, तिच्याकडे पाहिलं. "मी रोज उठताना काठी घेतो. आत्ता घेतली नाही. का?"

"कंबरेखालच्या रिपा जाड आहेत," भाऊ म्हणाले. "त्या उठताना ढकलतात."

ट्रस्टी परत आडवे झाले. परत उठले. काठी न घेता. तिसऱ्यांदा झोपले तेव्हा आम्ही तोंड फिरवायचंही विसरलो. "चाळीस," ते छताकडे बघत म्हणाले. "पण वाळवायचं दुसरीकडे."

"बाईंच्या गच्चीवर," भाऊ म्हणाले. मला विचारलं नाही. मी मान डोलावली.

लाडकी त्याच पावली घरी गेली. रविवारी सकाळी भाऊ आणि मी साचे घेऊन रिक्षानं मासवणला पोचलो, तर मुकादमाचा टेम्पो पाड्याच्या तोंडाशी उभा होता. आत बारा-पंधरा माणसं भांड्याकुंड्यांसकट बसलेली. मुकादम लाडकीच्या अंगणात उभा होता आणि ती त्याच्याकडे न बघता कोयत्यानं बांबू फोडत होती. तिची पोर ओट्यावर पुस्तक उघडून बसली होती. तीही त्याच्याकडे बघत नव्हती, पण पान उलटत नव्हती.

"चाळीस पलंग म्हणे!" मुकादम आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाला. "अगं, दोन महिन्यांत संपतील. मग काय करशील? परत माझ्याकडेच येशील ना भट्टीवर?"

लाडकीनं बांबूवर कोयता टेकवला आणि वर एक ठोका दिला. तो टोकापासून टोकापर्यंत सरळ उकलला.

"येन ना," ती म्हणाली. "लोका झोपायची थांबली का येन."

टेम्पोतली माणसं हसली. मुकादम काहीतरी पुटपुटत पुढे जाऊन बसला आणि टेम्पो लाडकीच्या घरच्यांच्या जागा रिकाम्या ठेवून निघून गेला. पोरीनं पान उलटलं.